समकालीन कलेची प्रदर्शने : फलकावरचा आशय आणि समोरची वस्तू

समकालीन कलेच्या संग्रहालयांत भरणाऱ्या प्रदर्शनांविषयी वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहोत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि लांबलेली पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : प्रदर्शनाच्या दाराशी 'स्मृती', 'विस्थापन', 'देह', 'सत्ता' अशा शब्दांनी भरलेला मोठा फलक असतो. तो वाचून आत जावे, तर समोर खायच्या गोड गोळ्यांचा ढीग नाहीतर जमिनीला पडलेली भेग असते. फलकावरचा आशय या वस्तूंत नेमका कुठे असतो? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

उत्तर : आशय वस्तूतच असायला हवा. तो तिथे सापडत नसेल, तर फलक कितीही विद्वत्तापूर्ण असला तरी प्रदर्शन फसले असे म्हणण्याचा प्रेक्षकाला पूर्ण अधिकार आहे. मात्र तो शोधायचा कसा, हे थोडे शिकून घ्यावे लागते. चित्रासमोर उभे राहिल्यावर आपण त्यात काय रंगवले आहे ते पाहतो. मांडणशिल्पाच्या, म्हणजे जागेत वस्तू मांडून घडवलेल्या कलाकृतीच्या, बाबतीत ते कशाचे केले आहे, किती आहे, कुठे ठेवले आहे आणि त्याच्याशी आपल्याला काय करू दिले जाते, याकडे लक्ष द्यावे लागते.

आपण गोळ्यांच्या ढिगाचा उल्लेख केला आहे, म्हणून तोच घेऊ. क्यूबात जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये काम केलेले फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस यांची १९९१ सालची ही कलाकृती शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये दाखवली जाते. दालनाच्या एका कोपऱ्यात रंगीबेरंगी, चकचकीत कागदांत गुंडाळलेल्या गोळ्या भिंतीला टेकून ओतलेल्या असतात. हे लॉस एंजेलिसमधल्या रॉसचे व्यक्तिचित्र आहे, असे शीर्षक सांगते. रॉस लेकॉक हा कलावंताचा जोडीदार, आणि त्याच वर्षी एड्सने त्याचा मृत्यू झाला. राशीचे आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे सुमारे ७९ किलो, असे ठरवून दिलेले आहे. धडधाकट पुरुषाचे वजन साधारण तेवढे असते. येणाऱ्या प्रत्येकाला त्यातली एक गोळी उचलता येते आणि तोंडात टाकता येते. दिवसागणिक रास खंगत जाते आणि मग तिच्यात पुन्हा गोळ्या ओतल्या जातात.

यात चेहरा नाही, हातपाय नाहीत, तरी हे व्यक्तिचित्रच आहे, कारण एका देहाचे भरलेपण आणि झिजणे वजनाच्या रूपाने आपल्यासमोर घडत असते आणि त्या झिजण्याला आपण स्वतः हातभार लावत असतो. एड्सच्या रुग्णाचा हात हातात घ्यायलाही लोक धजत नव्हते त्या काळात, या कलावंताने त्या देहाचा अंश अनोळखी माणसांच्या जिभेवर ठेवला. 'देह' आणि 'स्मृती' हे फलकावरचे शब्द येथे गोळीच्या वजनात, तिच्या गोडव्यात आणि रास पुन्हा भरण्याच्या क्रियेत आहेत. एवढ्या थोड्या साधनांत इतके दुःख मावलेले मी फार कमी ठिकाणी पाहिले आहे.

तरीही फलक अगदीच बिनमहत्त्वाचा नसतो, हेही याच कलाकृतीच्या बाबतीत दिसून आले. २०२२ मध्ये तिच्याजवळच्या माहितीपट्टीवर रॉसच्या आजाराचा उल्लेख नसून नुसती शरीराच्या सरासरी वजनाची चर्चा असल्याचे प्रेक्षकांच्या लक्षात आले. त्यावर जाहीर टीका झाली आणि संग्रहालयाला मजकूर बदलावा लागला. गोळ्या त्याच होत्या, पण नेमकी माहिती गळाल्यामुळे एका माणसाचा मृत्यू दृष्टीआड होत होता. म्हणून माहितीपट्टीवरची नावे, साल, साहित्य आणि वजन-मापे नीट वाचावीत. त्यापुढे लिहिलेला अर्थ मात्र वस्तू पाहून झाल्यावर वाचला तरी चालतो.

भेगेविषयी थोडक्यात. कोलंबियाच्या डोरिस साल्सेडो यांनी २००७ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या संग्रहालयातील टर्बाइन हॉलच्या जमिनीत १६७ मीटर लांबीची भेग घडवली होती. स्थलांतरितांना बाहेर ठेवणाऱ्या सीमा आणि वंशभेद हा तिचा विषय. एरवी त्या प्रचंड दालनात माणसे मान वर करून चालतात. त्या काळात ती खाली पाहत चालू लागली आणि भेगेच्या अल्याड-पल्याड विभागली गेली. प्रदर्शन संपल्यावर भेग बुजवण्यात आली, पण तिचा व्रण जमिनीवर राहिला आहे, आणि माझ्या मते तो व्रण आता त्या कलाकृतीचाच भाग झाला आहे.

प्रश्न : जिथे जावे तिथे विस्थापन, साम्राज्यवादाचा वारसा, हवामानबदल आणि लिंगभाव हेच विषय दिसतात. ही क्युरेटरमंडळींची, म्हणजे प्रदर्शने आखणाऱ्यांची, फॅशन आहे का? (एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : काही प्रमाणात आहे. अनुदान देणाऱ्या संस्था, द्वैवार्षिक महोत्सव आणि संग्रहालये एकमेकांकडे पाहत विषय ठरवतात आणि एखादा शब्द चलनात आला की तो वाटेल त्या कलाकृतीला चिकटवला जातो. परंतु हे विषय आले कुठून, तेही पाहायला हवे. आधुनिक कलेच्या संग्रहालयांनी दीर्घकाळ पश्चिम युरोप आणि उत्तर अमेरिका येथील, बहुतांशी पुरुषांचीच, कला म्हणजे जगाची कला असे गृहीत धरले होते. गुरिल्ला गर्ल्स या कलावंत स्त्रियांच्या गटाने १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील गणतीच भित्तिपत्रकावर छापली. आधुनिक कलेच्या विभागांत स्त्री-कलावंत ५ टक्क्यांहून कमी, पण नग्नचित्रांतील ८५ टक्के देह मात्र स्त्रियांचे, असा तो हिशेब होता. त्याच वर्षी पॅरिसमध्ये पॉम्पिदू केंद्र आणि ला व्हिलेत येथील ग्रँड हॉल मिळून भरलेल्या 'मॅजिसियँ द ला तेर' (पृथ्वीवरचे जादूगार) या प्रदर्शनात जाँ-ह्युबेर मार्ताँ यांनी पाश्चात्त्य आणि पाश्चात्त्येतर कलावंतांना जवळपास समान संख्येने एकत्र आणले. त्या मांडणीवर बरीच टीका झाली आणि तिच्यातील काही आक्षेप रास्तही होते, पण दार उघडले ते उघडलेच. पुढे २००२ मध्ये जर्मनीतील कासेल येथे ठरावीक वर्षांनी भरणाऱ्या डॉक्युमेंटा या मोठ्या कलाप्रदर्शनाच्या अकराव्या खेपेचे प्रमुख, मूळचे नायजेरियाचे ओक्वुई एन्वेझोर यांनी वसाहतोत्तर जग हाच त्या प्रदर्शनाचा कणा केला. ज्यांना आधी जागाच नव्हती ते कलावंत आत आले, तेव्हा आपल्या आयुष्यात जे घडले तेच ते घेऊन येणार, यात नवल ते काय?

विषय सारखा असला तरी कलाकृती सारख्या नसतात, आणि खरा फरक तिथेच पाहायचा असतो. बैरूतमध्ये पॅलेस्टिनी कुटुंबात जन्मलेल्या मोना हातूम १९७५ मध्ये लंडनला गेल्या असताना लेबनॉनमध्ये यादवी भडकली आणि त्यांना परतता आले नाही. १९८८ सालच्या त्यांच्या एका ध्वनिचित्रफितीत पडद्यावर आईची स्नान करतानाची छायाचित्रे दिसतात आणि त्यांवर आईने पाठवलेल्या पत्रांच्या अरबी ओळी पसरलेल्या असतात. त्या ओळी जाळीसारख्या मध्ये येतात, त्यामुळे आई दिसते आणि दिसतही नाही. मायलेकींचे अरबी बोलणे मागून ऐकू येते आणि त्यावर मुलगी तीच पत्रे इंग्रजीत, सपाट आवाजात वाचत जाते. अंतर या गोष्टीचे त्यात वर्णन कुठेच नाही. ते अक्षरांच्या पडद्यातून आणि दोन भाषांच्या एकमेकींवर चढण्यातून आपल्याला सोसावे लागते.

याउलट अलीगढमध्ये जन्मलेल्या झरीना यांनी १९९९ मध्ये घर या विषयावर ३६ काष्ठठशांची, म्हणजे कोरलेल्या लाकडावरून कागदावर घेतलेल्या ठशांची, मालिका केली. फाळणीनंतर त्यांचे कुटुंब पाकिस्तानात गेले आणि त्या स्वतः बँकॉक, पॅरिस, टोकियो अशी शहरे पार करत न्यूयॉर्कला स्थिरावल्या. प्रत्येक ठशात एक उर्दू शब्द आणि काळ्या रेषांची जवळजवळ भूमितीसारखी आकृती, एवढेच असते. आवाज नाही, चेहरा नाही, तक्रारही नाही. दोन्ही कामांच्या माहितीपट्टीवर 'विस्थापन' हा एकच शब्द लिहिलेला असेल, पण एकीत ते कानाने भोगायचे आहे आणि दुसरीत एका उंबरठ्याच्या रेषेपुढे थांबून आठवायचे आहे. फॅशनपुरते केलेले काम ओळखायचे असेल, तर त्याचे साहित्य बदलून पाहावे. गोष्ट तीच राहिली आणि काहीच बिघडले नाही, तर विषय बाहेरून चिकटवलेला आहे असे समजायला हरकत नाही.

हवामानबदलाच्या बाबतीत आपण पत्रात घेतलेला आक्षेप, की या कलाकृतींमुळेच प्रदूषण वाढते, योग्य आहे. कलावंत ओलाफुर एलियासन आणि भूगर्भशास्त्रज्ञ मिनिक रोझिंग यांनी ग्रीनलँडच्या फियोर्डमध्ये, म्हणजे अरुंद खाडीत, तरंगणारे हिमखंड २०१४ मध्ये कोपनहेगनला, २०१५ मध्ये हवामान परिषदेच्या काळात पॅरिसला आणि २०१८ मध्ये लंडनला आणून उघड्यावर वितळू दिले. लोकांनी त्यांना हात लावला, कान लावून आतल्या हवेचे बुडबुडे फुटताना ऐकले. ते वाहून आणण्यात किती कार्बन खर्ची पडला याचा हिशेबही त्यांनी मांडला. मला तो हिशेब मांडणे महत्त्वाचे वाटते, मात्र त्यामुळे आक्षेप संपतो असे मी म्हणणार नाही.

प्रश्न : संग्रहालयेच हल्ली आपल्या भिंतींवर संग्रहालयांची टीका लावतात. ज्याच्या घरात राहायचे त्यालाच बोल लावायचा, हा दुटप्पीपणा नव्हे काय? (दोन पत्रांवरून)

उत्तर : ही टीका नुसती भिंतीवर लावून भागते की संस्थेला त्यामुळे काही बदलावे लागते, यावर उत्तर अवलंबून आहे. कलावंत हान्स हाके यांनी १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये दोन पारदर्शक मतपेट्या ठेवल्या. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या इंडोचायनाविषयक, म्हणजे व्हिएतनाम आणि शेजारच्या देशांतील युद्धाच्या, धोरणाचा न्यूयॉर्कचे गव्हर्नर रॉकफेलर यांनी निषेध केला नाही, हे त्यांना मत न देण्याचे कारण ठरेल काय, असा प्रश्न प्रेक्षकांना विचारला होता. रॉकफेलर हे त्याच संग्रहालयाच्या विश्वस्तांपैकी होते. पेट्या पारदर्शक असल्याने कौल कुणीकडे झुकतो आहे हे रोज डोळ्यांना दिसत असे, आणि 'हो'ची पेटी अधिक भरली. पुढच्याच वर्षी हाके यांनी गुगेनहाइम संग्रहालयासाठी न्यूयॉर्कमधल्या एका घरमालक गटाच्या मालमत्तांची छायाचित्रे व सार्वजनिक दप्तरांतील नोंदी यांवर आधारलेले काम तयार केले. तेव्हा मात्र संचालकांनी प्रदर्शनच रद्द केले, आणि त्याची बाजू घेणाऱ्या क्युरेटरची नोकरी गेली. म्हणजे टीकेला जागा देण्याची मर्यादा कुठे येते, ते त्या दोन वर्षांत स्पष्ट झाले.

या प्रकारातील जे काम मला सर्वांत मोलाचे वाटते ते अमेरिकी कलावंत फ्रेड विल्सन यांचे. १९९२ मध्ये अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील बाल्टिमोर येथील मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीने आपले सारे भांडार त्यांना खुले केले. त्यांनी स्वतः फारसे काही घडवले नाही, संग्रहातल्याच वस्तूंची जागा बदलली. एका काचपेटीत नक्षीदार चांदीची भांडी होती. त्यांच्यामध्ये त्यांनी गुलामांच्या पायांत घालायच्या लोखंडी बेड्या ठेवल्या आणि पट्टीवर फक्त 'धातुकाम, १७९३–१८८०' असे लिहिले. ती चांदी वापरणाऱ्यांचे वैभव आणि त्या बेड्या एकाच काळातल्या, एकाच समाजातल्या होत्या, पण त्यांना एकत्र पाहण्याची वेळ संग्रहालयाने तोवर कुणावर आणली नव्हती. दुसऱ्या ठिकाणी नेपोलियन, हेन्री क्ले आणि अँड्र्यू जॅक्सन यांचे अर्धपुतळे होते. त्यांच्या शेजारी हॅरिएट टबमन, फ्रेडरिक डग्लस आणि बेंजामिन बॅनेकर यांच्या नावांचे तीन रिकामे चौथरे होते. पुतळे असलेल्या तिघांपैकी एकही मेरीलँडचा नव्हता, आणि चौथरे रिकामे असलेली तिन्ही कृष्णवर्णीय माणसे त्याच भूमीतली होती. काय जपून ठेवायचे आणि काय तळघरात टाकायचे, हा निर्णयच इतिहास घडवतो, हा विचार येथे कोणत्याही भाषणाशिवाय पोहोचतो. दुटप्पीपणाचा आरोप येथे लागू होत नाही, कारण संस्थेने आपलीच कपाटे उघडून दिली होती.

पैशाचा प्रश्न अधिक अवघड आहे. छायाचित्रकार नॅन गोल्डिन यांनी २०१८ मध्ये मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या सॅकलर दालनात, तिथे मांडलेल्या देंदूरच्या प्राचीन इजिप्शियन मंदिराभोवतीच्या पाण्यात औषधांच्या रिकाम्या बाटल्या फेकून निदर्शने केली. ऑक्सिकॉन्टिन हे व्यसन लावणारे वेदनाशामक औषध विकणाऱ्या पर्ड्यू फार्मा कंपनीशी सॅकलर कुटुंबाचा संबंध होता, आणि गोल्डिन स्वतः त्या औषधाच्या व्यसनातून गेल्या होत्या. २०२१ मध्ये त्या संग्रहालयाने दालनांवरून हे नाव काढले. तिथे कलावंताची टीका भिंतीवर न राहता भिंतीवरची अक्षरे उतरवून गेली.

प्रश्न : कलावंत स्वतः काही करत नाहीत, कारागिरांकडून करून घेतात. मग ती कला कुणाची? (एक वाचक)

उत्तर : कल्पना आणि जबाबदारी कलावंताची, पण हात कुणाचे हे लपवले जात असेल तर मलाही ते खटकते. काही कलाकृतींत मात्र हा प्रश्नच विषय असतो. चिनी कलावंत आय वेवे यांनी २०१० मध्ये वर उल्लेखलेल्या टर्बाइन हॉलमध्ये सुमारे १० कोटी सूर्यफुलाच्या बिया पसरल्या. त्या चिनी मातीच्या होत्या आणि चीनमधील जिंगदेझेन या पोर्सेलीनसाठी प्रसिद्ध असलेल्या गावातील सुमारे १६०० लोकांनी त्या घडवून, भाजून, हाताने रंगवल्या होत्या. दुरून ती करड्या खडीची जमीन वाटे. एक बी चिमटीत धरल्यावर तिच्यावरचे कुंचल्याचे काळे पट्टे दिसत, आणि दुसरी बी घेतली तर ते पट्टे थोडे निराळे. माओच्या काळातील प्रचारचित्रांत जनता म्हणजे सूर्याकडे तोंड करणारी सूर्यफुले असत. गर्दी म्हणून पाहिलेला माणूस आणि हातात घेऊन पाहिलेला माणूस यांतला फरक सांगण्यासाठी प्रत्येक बी हाताने, वेगवेगळी रंगवलेली असणे आवश्यकच होते, ते यंत्राने साधले नसते. सुरुवातीला त्यावर चालता येत असे. पण धूळ उडून आरोग्याला धोका होईल असे लक्षात आल्यावर काही दिवसांतच ते बंद झाले.

प्रश्न : कृत्रिम बुद्धिमत्तेवरची प्रदर्शने डोळे दिपवतात, पण नंतर मनात काही उरत नाही. असे का होते? (संगणक क्षेत्रातील वाचक)

उत्तर : माझाही अनुभव तसाच आहे. रेफिक अनादोल यांचे २०२२ मध्ये म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या प्रवेशदालनात लावलेले काम त्या संग्रहालयाच्याच संग्रहातील सुमारे १ लाख ३८ हजार प्रतिमा व नोंदींवर शिकवलेल्या यंत्राने घडवलेले होते. भव्य पडद्यावर रंगांच्या लाटा उसळत राहत. तंत्र थक्क करणारे होते, पण ती आकडेमोड कशावर चालली आहे आणि यंत्र प्रतिमांचे वर्गीकरण कसे करते, याविषयी प्रेक्षकाच्या मनात प्रश्न उभा राहत नव्हता. ट्रेव्हर पॅगलेन आणि केट क्रॉफर्ड यांनी २०१९ मध्ये नेमका तोच प्रश्न मांडला. त्यांच्या प्रणालीपुढे आपले छायाचित्र धरले की इमेजनेट या प्रचंड प्रतिमासंग्रहातील वर्गवारीनुसार आपल्याला एखादे लेबल मिळे, आणि कित्येकांना ते उघड अपमानकारक किंवा वंशद्वेषी मिळाले. त्यानंतर त्या संग्रहाच्या संशोधकांनी माणसांच्या सुमारे ६ लाख प्रतिमा काढून टाकणार असल्याचे जाहीर केले. आपण विचारलेल्या फरकाचे कारण मला येथे दिसते. पहिल्या कामात आपण यंत्राचे प्रेक्षक होतो, दुसऱ्यात यंत्राने मोजलेला माणूस.

प्रश्न : प्रदर्शनात चाळीस-चाळीस मिनिटांच्या चित्रफिती असतात. त्या सगळ्या पाहायच्या का? (एक गृहिणी)

उत्तर : सगळ्या पाहणे शक्य नसते आणि तशी अपेक्षाही नसते. ख्रिश्चन मार्कले यांचे २०१० सालचे 'द क्लॉक' हे काम तर २४ तासांचे आहे. चित्रपटांतील घड्याळांचे आणि वेळेच्या उल्लेखांचे हजारो तुकडे त्यात असे जोडले आहेत की पडद्यावरची वेळ आणि प्रेक्षकाच्या मनगटावरची वेळ एकच राहते. ते कुठूनही पाहायला सुरुवात करून कुठेही सोडता येते. इतर चित्रफितींच्या बाबतीत मात्र पट्टीवर कालावधी आणि पुढच्या फेरीची वेळ दिलेली असते, ती आधी पाहावी. मेट्रोपॉलिटन संग्रहालयात केलेल्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रेक्षक एका कलाकृतीसमोर सरासरी २७ सेकंद थांबतात असे आढळले होते. इतक्या वेळात वर सांगितलेली मोना हातूम यांची फीत आईचे एक पत्रही पुरे करत नाही. म्हणून दालनातून एक फेरी मारून एकच चित्रफीत निवडावी, तिच्या सुरुवातीला जाऊन बसावे आणि शेवटपर्यंत पाहावी. बाकीच्या राहिल्या तरी चालतील. बसण्याची सोय नसेल तर दालनातील कर्मचाऱ्यांकडे घडीची खुर्ची मागून पाहावी. अनेक संग्रहालये ती देतात, फक्त तशी पाटी लावलेली नसते.